खंदक

हसितभाई म्हणतात, बेन, कंपनीभोवती खंदक पाहिजे.
दांडिया बाजारातल्या पेढीत, पंख्याखाली,
हा शब्द ते असा उच्चारतात
जणू आत्ताच कुदळ मारून आलेत.

माझ्याकडे सहाशे शेअर्स.
मकरपुऱ्यातली कंपनी. भट्टीचं तापमान सांभाळणाऱ्या डब्या करते,
राखाडी, हिरवे आकडे, डाव्या कोपऱ्यात लाल दिवा.
बावीस वर्षं खत कारखान्याच्या खरेदी विभागात
मीच तिच्या ऑर्डरींवर सह्या केल्या,
आणि निवृत्तीच्या पैशातून, सहीची सवय म्हणून असेल,
तिचेच कागद घेतले.

भाचा ऋत्विज फोनवर सांगतो,
मावशी, शेन्झेनची डबी एक तृतीयांश किमतीत येते,
वर मोबाइलवर आलेख दाखवते.
मी विचारते, रात्री अडीचला भट्टी चढली
तर शेन्झेन फोन उचलतं का?
तो हसतो. मीही.
माझं हसू जरा लवकर संपतं.

वार्षिक अहवाल. गुळगुळीत कागद,
अध्यक्षांच्या मागे सूर्य, उगवता की मावळता ते छापलेलं नाही.
मी नेहमीसारखा मागून वाचते,
डाळ निवडावी तशा तळटिपा निवडते.
संशोधनावर नऊ टक्के होते, आता चार.
उधारी साठ दिवसांत यायची, आता एकशे अकरा.
नफा मात्र वाढलेला.
बियाणं दळून खाल्लं
की त्या वर्षी पिठाचा डबा भरलेला दिसतोच.

मग रिक्षा करून जुन्या कारखान्यात गेले.
कंट्रोल रूममध्ये अजून रमणभाई परमार,
केस पांढरे, चहा तसाच काळपट.
भिंतीवर ओळीनं एकोणीस डब्या, माझ्या सहीच्या,
आणि टोकाला विसावी. पांढरी. परकी.
ही कोणी घेतली?
मीच मागितली, बेन.
स्वस्त म्हणून?
नाही हो. पंड्या आता त्यांच्याकडे आहे.

पंड्या!
रात्री तीनला स्कूटरवरून येणारा,
कानाला मफलर, खिशात स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर,
डबी उघडण्याआधी भट्टीला हात जोडणारा.
नऊ वर्षं पगार तेवढाच, म्हणून गेला.
अहवालात त्याच्यासाठी एक ओळ होती,
मी वाचलीही होती, पेन्सिलीनं बरोबरची खूण करून:
कर्मचारी खर्चात समाधानकारक बचत.

परतताना विश्वामित्रीच्या पुलावर रिक्षा अडली.
खाली चिखलात मगर, ओंडक्यासारखी,
कठड्यावरून वाकलेले मोबाइल.
आमच्या गावाला खंदक आयताच मिळालाय, मगरींसकट.
पण पुराच्या वर्षी हीच मंडळी
सोसायट्यांच्या पायऱ्या चढून आली होती.
शेजारच्या दव्यांच्या ओट्यावर एक
दुपारभर पडून राहिली,
कुणाचंही रक्षण न करता.

विका, मी हसितभाईंना म्हटलं.
बधा?
चारशे.
आणि बाकीचे का ठेवता, असं त्यांनी विचारलं नाही,
पण चष्म्यावरून पाहिलं.
एकोणीस डब्या अजून चालतात, एवढंच सांगता आलं असतं.
त्या बदलायच्या तर भट्टी थंड करावी लागते,
आणि भट्टी थंड करण्याच्या कागदावर
कुठलाच साहेब आपल्या कारकिर्दीत सही करत नाही.
हा खंदक उथळ आहे, पण आहे.
दोनशे शेअर्सइतका.

त्यांनी बटण दाबलं. गेले.
इतक्या लवकर?
म्हणजे पलीकडे कुणीतरी हात पुढे करूनच बसलं होतं.
त्यानं अहवाल पुढून वाचला असेल,
सूर्यापासून.
किंवा पंड्या परत येतोय
हे त्याला ठाऊक असेल, आणि मला नाही.

पावती घडी करून पाकिटात ठेवली.
पायऱ्या उतरेपर्यंत मी त्या माणसाचा विचार करत होते,
थोडा रागानं,
थोडा, काय सांगू, काळजीनं.