अर्धा कोबी

पहिल्या दिवशी आम्ही आणल्या होत्या
टी-पट्ट्या, कंपास,
आणि डोक्यात प्रत्येकी एक मनोरा.
माइए लेपसार यांनी आणला कोबी.
सुरीने मधोमध कापला
आणि म्हणाल्या, काढा.

तालिनला डिसेंबरात साडेतीनलाच अंधार.
शेजारच्या कलाशाळेत त्या मातीकाम शिकवायच्या,
आमच्याकडे आठवड्यातून दोन दिवस उसन्या.
नखांत कायमची राखाडी माती.
"पानं नका काढू," म्हणायच्या,
"पानांमधली हवा काढा.
पानं येतील मागोमाग."
रासमुस हसला. त्याला पूल बांधायचे होते.

तीन आठवडे तोच कोबी.
कडा काळवंडल्या, त्याही काढल्या.
वास सुटला; खिडकी उघडली तर बर्फ आत.
मग सगळे कागद भिंतीला टाचून
त्या बोट फिरवत गेल्या:
हा जिना. हा बोळ.
इथे कुणीतरी थांबेल, बूट काढायला.
आम्हाला काही दिसलं नाही.
मला तर मुळीच नाही.

तेवीस वर्षांनी
अभ्यासक्रम समितीत मी होतो.
तक्त्यात एक ओळ: रेखाटन व मातीकाम, तास आठ.
पुढे रकाना: फलनिष्पत्ती.
तो कोरा.
संगणकाला तास पुरत नाहीत, कुणी म्हणालं.
खरंच पुरत नाहीत.
हात वर करा म्हणाले,
मी केला.

दुसऱ्या दिवशी बालवाडीच्या साइटवर
गवंडी आइन विचारतो,
ही भिंत इथे वीतभर का वळली?
नकाशा चुकला का?
मी भाराचं सांगितलं, वाऱ्याचं सांगितलं.
सांगताना कळत होतं, यातलं एकही कारण खरं नाही.
तो नुसता हं हं करत राहिला,
थापीवरचा माल वाळत चालला.
मग समुद्राकडून झोत आला तसा
त्या वळणात पाठ टेकून उभा राहिला,
एक बूट काढला,
खडा झटकला.

ठेवू तशीच? त्याने विचारलं.

रात्री सूपसाठी कोबी कापला
आणि गॅस पेटवायचा राहिलाच.
बायको येऊन बघून गेली, काही बोलली नाही.
माइए आता कुठे असतात, कुणाला विचारू?
जेवण झाल्यावर, उशिरा,
समितीचा तक्ता पुढे ओढला.
मत तर देऊन झालं होतं.
तरी कोऱ्या रकान्यात
पेन्सिलीने, खोडता येईल असं,
लिहिलं: हवा.

वाचणारा काय समजायचं ते समजो.