दारात कोण

प्रश्न एकच, दोन्ही शहरांत तोच :
ऑपरेशननंतरची पहिली रात्र कशी गेली?
परळला वॉर्ड नऊमध्ये मी विचारते,
तिकडे बर्फातल्या ओउलूत आउने.

आधी शब्द जुळवायचे होते.
मी पाठवले : ठणका, कळ, चमक,
ठसठस, भगभग, चुरचुर,
आणि टाके ओले असताना हसू आलं तर होतं ते,
ज्याला अजून नाव नाही.
तिच्या दुभाष्याने सगळ्यांचा मिळून एक शब्द केला.
तिनेही पाच पाठवले होते.
आमच्याकडे त्या पाचांचं झालं 'त्रास'.
त्रास तर लिफ्ट बंद पडल्याचाही होतो, आउने.

मथुरा वैती, वरळी कोळीवाडा, वय एकसष्ट :
'दुखत नाय.'
त्यापुढे बारा सेकंद काही नाही.
पंखा आहे. कुणीतरी बेडपॅन घासतंय.
आउनेकडेही आहेत अशा शांतता,
चाळीस सेकंदांच्यासुद्धा;
त्यांच्यासमोर ती लिहिते, रुग्ण निवांत.
मी लिहिणार होते, सोशिक.
संस्कृतीचा रकाना एका शब्दात भरला असता
आणि मला सहाची बस मिळाली असती.

पण ऐकताना आठवलं,
तेव्हा सून दारात उभी होती,
औषधांच्या पावतीची घडी घालत, पुन्हा उलगडत.
कागदाचा तो आवाज मी पंख्याचा समजले होते.

दुसऱ्या दिवशी सून चहाला खाली गेली
तशी मी आत शिरले, रेकॉर्डर टेबलावरच ठेवून.
मथुराबाई बराच वेळ बोलल्या.
मग माझं मनगट धरून म्हणाल्या, 'ह्ये नको लिवू.'
लिहिलं नाही.
इथेही लिहीत नाही.

आउनेला फक्त एवढं कळवलं :
तुझ्या त्या चाळीस सेकंदांत
दारात कोण होतं?

नऊ दिवसांनी उत्तर आलं.
'कुणीच नव्हतं. पूर्ण आठवडा कुणीच नव्हतं.
हे नोंदवायचं असतं, हे मला सुचलंच नाही.'

कमिटीला आराखडा पुन्हा द्यावा लागेल.
अनुदान मार्चपर्यंतच आहे.
वीस मुलाखतींपैकी अकरा
मी दाराकडे पाठ करून घेतल्यात.

बेड सतरा. रुकय्या मुकादम, मुंब्रा.
भाऊ सांगतोय, 'आपा ठीक आहे, विचारा.'
मी खुर्ची
जरा तिरकी करून घेते.