पाय दाखवायचा दिवस

दर सहा आठवड्यांनी, मंगळवारी,
मिस्टर सॅव्हास येतात पाय दाखवायला.
वय सत्त्याऐंशी, त्यातली चाळीस वर्षं
ग्रेट यारमथच्या किनाऱ्यावर मासे तळण्यात गेली.
मोजे काढताना अजून म्हणतात,
"वास आला तर तो माझा नाही, कढईचा."

मी नायलॉनचा बारीक तंतू टेकवते
अंगठ्याला, चवड्याला, टाचेला.
डोळे मिटा. लागलं तर हो म्हणा.
ते मिटतात,
आणि मी काहीच टेकवलेलं नसताना
भिडस्तासारखे "हो" म्हणतात.
साखरेनं दोन्ही तळवे बहिरे केलेत.

जूनमध्ये सांगितलं, आम्ही सायप्रसला चाललोय,
स्वस्तात मिळालं, समुद्राला लागून हॉटेल.
त्यांनी नाक मुरडलं.
"समुद्र काय इथं नाही?
वर जा. त्रोदोसला.
आमच्या गावात ऑगस्टमध्ये गोधडी लागते.
अक्रोडाखाली नळ आहे, दगडी तोंडाचा.
त्याखाली पाय धर
आणि मला येऊन सांग."

खाली लिमासोलला एक्केचाळीस.
आमच्या अमरावतीचा नवतपाच, फक्त खारट.
भाड्याच्या गाडीचं स्टिअरिंग ओढणीनं धरलं,
मागून लेक विचारतेय, डोंगरात वायफाय असेल ना?
मग वळणं सुरू झाली.
द्राक्षांचे मळे: छत्तीस.
पाइन, काळपट, राळेच्या वासाचे: एकोणतीस.
गाडीतला आकडा उतरत गेला
तसा नवऱ्याचा आवाजही उतरला.
बावीसला मी काच खाली केली
आणि दंडावर काटा आला तो ओळखीचा,
परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणाऱ्या एसटीतला.
अर्ध्या घाटात आई पिशवीतून काढायची
मागच्या मापाचा लाल स्वेटर,
मनगटं बाहेर राहायची.

गाव सापडलं. माणसांपेक्षा कुलपं जास्त.
अक्रोड होता. नळ होता.
मी चपला काढल्या तशी समोरच्या ओट्यावरची म्हातारी ओरडली.
मी म्हटलं, सॅव्हास. यारमथ. सॅव्हास.
तिनं हातानंच विचारलं, कुठला?
तिसऱ्या घराकडे, सातव्या घराकडे, कबरस्तानाकडे बोट केलं.
मग आत जाऊन खुर्ची घेऊन आली
आणि माझ्या शेजारी बसून
माझे पाय बघत राहिली.

बाटली भरून घेतली होती.
ती विमानतळावर कचऱ्यात गेली.

सप्टेंबर. खिडकीला उत्तरेचा वारा थडकतोय,
क्लिनिकमध्ये हीटर लागलाय.
मी अक्रोडाचं सांगितलं, कुलपांचं गाळलं.
त्यांनी एवढंच विचारलं,
"किती मोजलेस?"
म्हणजे?
"पाण्यात. कितीपर्यंत टिकलीस?"
आठ, मी म्हणाले. खरं तर सहा.
ते खोकला येईपर्यंत हसले.
"आम्ही शंभर मोजायचो, पैजेनं.
जो हरेल त्यानं सगळ्यांच्या शेळ्या वळायच्या.
मी दोन उन्हाळे वळल्या."

मग न सांगताच डोळे मिटले.
मी अंगठ्याला तंतू टेकवला. काही नाही.
टाचेला. काही नाही.
ओठ हलत होते.
ग्रीक मला येत नाही,
पण आकडे कुठल्याही भाषेत
आकड्यांसारखेच चालतात,
दहाशी जरा थांबून, पुन्हा पाय उचलून.
मी तंतू डबीत ठेवला.
बाहेर पुढचा पेशंट घड्याळ बघत होता.
फॉर्मवर खुणा केल्या:
डावा, संवेदना नाही. उजवा, संवेदना नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले.
"मोजे दे," म्हणाले, "पाय गारठलेत."

मी हात लावून पाहिला.
खरंच गार होते, घोट्यापर्यंत.
खाली उरलेल्या रेघेवर लिहिलं,
पाय थंड. रक्तपुरवठा तपासणे.
आणि मोजे चढवायच्या आधी
दोन्ही पाऊलं तळहातांत धरून
मनातल्या मनात
मीही मोजायला लागले.