उंदुवप पौर्णिमा

आज होड्या वाळूवर पालथ्या.
दारूचं दुकान बंद, खाटकाचं बंद,
आणि मी, विमलदास, सकाळपासून पुण्यवान.

खरं सांगू? यात माझं काही नाही.
भरल्या चांदण्यात मासळी दिव्याला भुलत नाही,
समुद्रच उजळलेला, कंदिलाला कोण विचारतं?
जीव न घेण्यानं माझं डिझेल वाचतं,
एवढंच.

आई मात्र चारला उठते.
विहिरीवर डोकं भिजवते,
पांढरी लुंगी, पांढरा झंपर,
कानातलं काढून काड्यापेटीत ठेवते,
चटई काखेत मारून टेकडी चढते.
त्रेसष्ट पायऱ्या. गुडघे मोजतात, ती नाही.

वर भंते एकेक शील उच्चारतात,
बायका मागून एकेक उचलतात.
दुपारनंतर अन्न नाही. गाणं नाही, अत्तर नाही.
उंच पलंग नाही.
लहानपणी मला वाटायचं, आई विहारातून
पाटीभर नाही-नाही घेऊन येते.

याच पौर्णिमेला संघमित्ता उतरली इथे,
सोन्याच्या कुंडीत बोधीची फांदी घेऊन.
समुद्र चहूकडे गप्प उभा होता म्हणे.
ही गोष्ट आई आता सांगत नाही.

त्या साली
दुपारच्या दानाची पाळी खालच्या आळीची होती.
पातेल्यात फणस शिजत होता,
दिलिनी नारळ खवत होती.
साडेनऊच्या सुमाराला समुद्र मागे सरला,
पोरं तडफडते मासे वेचायला धावली.

खालची आळी टेकडीवर आली
ती रिकाम्या हातांनी,
आणि सगळी नाही आली.

त्या रात्री अख्ख्या गावानं अष्टशील पाळलं.
दुपारनंतर अन्न नाही, नव्हतंच.
उंच पलंग नाही, वाहून गेले.
दागिना नाही, गाणं नाही,
जमिनीवर चटया, चटयांवर जो सापडला तो.
शोकाचं पांढरं शोधावं लागलं नाही,
आई सकाळीच नेसून आली होती.
चंद्र उगवला. वेळेवर.

पोडिनोनाला हल्ली काही आठवत नाही.
रोज कुंपणावरून विचारते,
"दिलिनी दिसत नाही गं?"
आई रोज सांगते, "क्लासला गेलीय. येईलच."
दोन वर्षं झाली, तो क्लास सुटत नाही.

पण पौर्णिमेला चौथं शील असतं,
खोटं बोलायचं नाही.

आज संध्याकाळी बोधीखाली
दोघी एकाच चटईवर.
मी पणत्यांना तेल घेऊन गेलो होतो.
पोडिनोनानं विचारलंच.

आईनं एक वात पुढे सारली,
बोट केसांना पुसलं,
आणि म्हणाली,
"मलाही ठाऊक नाही गं."

पोडिनोना तिच्या गुडघ्यावर थोपटत राहिली.
"अगं, क्लासला गेली असेल.
येईलच."

तिनंही सकाळी शील घेतलं होतं.
ते मोडलं नाही.