अक्रोडांच्या मधली जागा

अर्सलानबोबच्या वरच्या रानात
हायोतबेकमामा आधी माझ्या काठ्यांचे पट्टे
मनगटांतून सोडवतो.
"काठी अडकली तर अडकू दे. हात तुझा आहे."

मग गळ्यात शिट्टी. मग एकच नियम:
झाडाकडे बघायचं नाही.
डोळे जिथे, स्की तिथे.

पण मला तर ही झाडं तोंडपाठ!
हे आमचं, ते मावलुदाआपाचं,
त्या वाकड्यावरून थोरला पडला होता
पानगळीत, खिशांत अक्रोड घेऊन.
नजर आपसूक ओळखीच्या बुंध्याकडे,
आणि नजरेमागोमाग मी.

तिसऱ्यांदा तोंडभर बर्फ.
मामा हसत नाही. फरच्या खालच्या फांद्या दाखवतो:
"तिथे वरून बर्फ, आत विहीर.
लांबून जा. पण माझी हाक पोचेल इतकंच लांब."

चौथ्यांदा
मी मधल्या पांढऱ्याकडे बघते,
जे कुणाच्याच वाट्याला आलेलं नाही,
जिथून कुणी कधी काही झोडपून पाडलं नाही.
ते जरासं सरकतं,
रुंदावतं.
गुडघे आपले आपण वाकतात.

खाली मामा विचारतो,
"किती झाडं लागली वाटेत?"
मला एकही आठवत नाही.

शिट्टी तो परत मागत नाही.