उद्या समाज

उद्या समाजचा पेपर.
वीसच मार्कांची चाचणी,
पण मैथिलीच्या पोटात कालपासून गोळा.
मी कांड्या भरतेय, पुस्तक मांडीवर उघडं,
पानावर सुताची भुकणी बसते
ती फुंकायची आणि विचारायचं.

खालच्या खोलीत तिच्या पप्पांचे दोन माग.
खटाक् खट्, खटाक् खट्.
वडगावात आमच्या गल्लीत
उत्तर नुसतं बरोबर असून भागत नाही,
ते ओरडून द्यावं लागतं.

अक्षांश आणि रेखांश, दर वेळी उलटं सांगते.
शेवटी हाताला धरून खाली नेलं, मागापुढं उभी केली.
बघ, ताणा उभा, हे रेखांश.
धोटा आडवा पळतो, हे अक्षांश.
"मग पृथ्वी म्हणजे साडी काय गे आई?"
नेसता आली तर साडी, म्हटलं. चल पुढं.

सरकारची अंगं किती?
तीन. कायदे करणारं, ते चालवणारं,
आणि... आणि भांडण सोडवणारं.
असं नाही पुस्तकात.
न्यायमंडळ लिही. मार्क त्या शब्दालाच आहेत.

न संपणारी साधनं सांग की.
ऊन. वारा. वाहतं पाणी.
वीज धरायची का, असं ती विचारते आहे
तोवर वीज गेली.

माग थांबले.
आणि मैथिली, सवयीनं, तेवढ्याच जोरात,
"सीमा म्हणजे दोन प्रदेश वेगळे करणारी रेषा!"

अख्ख्या गल्लीनं ऐकलं.
कुणीतरी अंधारात खोकलं. कुणी हसलं.
मग भिंतीपलीकडून, तस्संच ओरडून, शिवलीला,
"गडि अंदरे..." आणि पुढचं सगळं कन्नडात.

तिचाही उद्या समाजच.
तीच सातवी, तोच धडा, चित्रंही तीच,
अक्षरं तेवढी गोल.

"गडि?" मैथिली भिंतीला म्हणाली.
"गडी तर आपण खेळताना म्हणतो.
लगोरीत तू माझी गडी होतीस ना?"
"होते की," भिंत म्हणाली. मराठीत.

हेस्कॉमचा फोन कोण उचलतंय.
दोघी पायरीवर बसल्या, माझ्या मोबाइलची बॅटरी लावून,
पुस्तकाला पुस्तक टेकवून.
ही मलप्रभा म्हणते, ती मलप्रभे.
नदी काय कुणाला ओ देते,
जाते आपली उताराला.

मूलभूत हक्क, ही म्हणाली.
हक्कुगळु, ती.
हिनं ऐकलं हक्कि. पाखरू.
तेवढं कन्नड येतं तिला, झाडाखालचं.
"सहा पाखरं?"
आणि सुटल्या दोघी हसत.
समतेचं पाखरू. स्वातंत्र्याचं.
शोषणाविरुद्धचं, "त्याला चोच मोठी पाहिजे," शिवलीला म्हणाली.
धर्माचं.
शिक्षणाचं आणि संस्कृतीचं, जोडपाखरू.

सहावं आठवेना.
हिलाही नाही, तिलाही नाही.
दोन भाषा मिळून आठवेना.
"आई, सहावं गे?"

मी अंधारात कांडीचं टोक चाचपत होते.
मीही सातवीतच होते.
तो धडा दिवाळीनंतर होता,
आणि दिवाळीनंतर मी इथं, ह्या चक्रापुढं.
पाच पाखरं माझीही पाठ होती, तुला सांगते,
सहावं कुणी दाखवलंच नाही.

"पान उलट," एवढंच म्हटलं.

पान उलटल्याचा आवाज आला.
मग बल्ब आला, आणि माग आले,
खटाक् खट्, खटाक् खट्.
पायरीवर मैथिली उठून उभी राहिली, एका ओळीवर बोट ठेवून,
माझ्याकडं बघून काहीतरी ओरडली.
शिवलीलाही ओरडली, तेच असणार.
ओठ दिसले, शब्द नाहीत.

मी मान हलवली. बरोबर.

रात्री माग बंद झाले की
तिला म्हणणार आहे,
एकदा हळू सांग.