आडवी दाढ

शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत,
सोन्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्याला आमचा दवाखाना.
शुक्रवारी नमाज सुटली की
आठवडाभर सुजवून ठेवलेले गाल जिना चढून येतात.

आज मुनाफ हमदुले. गाव कर्जी, तालुका खेड.
उंच इमारतींना परांच्या बांधतो. वय एकतीस.
माझ्या बिल्ल्यावरचं नाव वाचून म्हणाला,
"हेमांगी? म्हणजे आपल्याकडच्याच की!"
आणि तिथून पुढे डॉक्टरांकडे त्याने पाहिलंच नाही,
दुखतंय ते सगळं मलाच सांगितलं.

डॉक्टर रगद होम्सच्या. एक्स-रे त्यांनी उजेडाला धरला.
सगळे दात हजेरीला उभे,
आणि शेवटी कोपऱ्यात एक आडवी,
पुढच्या दाढेच्या मुळाशी डोकं टेकून झोपलेली.
"दिर्स अल-अक्ल," त्या म्हणाल्या,
आणि मला एकदम हसू आलं.
अक्कल! म्हणजे हा शब्द इथलाच.
कधीतरी खजुराच्या पोत्यांबरोबर
गलबतातून दाभोळला उतरला असेल,
आणि धक्क्यावर त्याला आमची दाढ भेटली असेल.

मुनाफ आ वासलेल्या तोंडानेच विचारतो,
जागा नव्हती तर देवाने दिलीच कशाला?

डॉक्टर अर्धं इंग्रजीत बोलतात, अर्धं हातांनी.
मी मराठीत करते.
जागा होती, म्हणतात. फार फार पूर्वी
कंद कच्चे, मांस चिवट, चावायचं दिवसभर,
चावून चावून जबडा रुंद व्हायचा.
पुढच्या दाढा झिजल्या की मागून ही यायची, ताज्या दमाची.
मग विस्तव आला. सुरी आली, पाटा आला, जातं आलं.
दाढेचं काम दगड करू लागला,
घास मऊ झाला, जबडा आखडला.
दाढेला मात्र कुणी कळवलंच नाही.
ती आपली जुन्याच पत्त्यावर येते,
सगळे निजल्यावर, वळकटी घेऊन.

हे शेवटचं डॉक्टर म्हणाल्या नव्हत्या.
ते मी पदरचं घातलं.

मुनाफला तेवढंच पटलं.
"आमच्या खोलीसारखं," म्हणाला.
"सजाला कॅम्प आहे. नावच तसं, मी काय करू!
पलंग आठ, माणसं नऊ. नववा मी होतो.
तीन महिने दाराशी आडवा,
जो उठेल त्याचा पाय माझ्या छातीवर."

मग इंजेक्शन. ओठ लोंबला.
मी नळी धरून रक्त ओढत राहिले.
दाढ अखंड निघेना, दोन तुकडे करावे लागले.
त्यातला एक ट्रेमध्ये पडला,
एवढ्याशा हाडाचा केवढा आवाज.
साडेतीनशे दिरहम. कंपनीच्या विम्यात दात बसत नाहीत.

कापूस चावत त्याने खुणेने ती मागितली.
टिश्यूत बांधून दिली. काय करणार हिचं?
पावतीच्या पाठीवर त्याने लिहून दाखवलं:
आई विचारते, तुला अक्कल कधी येणार.
सांगेन, आली होती, पैसे देऊन काढली.

मला आलेलीच नाही. एकही.
नोकरीच्या पहिल्या महिन्यात गंमत म्हणून माझा एक्स-रे काढला,
हाडात बीजसुद्धा नव्हतं.
"तू पुढची आहेस, हिमान्जी," डॉक्टर म्हणाल्या.
पुढची म्हणजे कुठली, ते मी विचारलं नाही.
कधी कधी जिभेने चाचपते शेवटच्या दाढेमागे.
गुळगुळीत.
कुणाची वाट न पाहिलेली जागा.

रात्री साडेदहाला बेल वाजली.
खोलीत आम्ही पाच. दारात सहावी,
पोखऱ्याची, दोरीने आवळलेली बॅग,
"एजंट म्हणाला, जागा आहे."
कुणीच काही बोललं नाही.
मग लिझीने फ्रीज बाहेर ओढायला घेतला.
मी माझा पलंग भिंतीकडे रेटला,
वाटलं होतं टेकलेलाच आहे,
अजून चार बोटं निघाली.